सायकलप्रवासातील रात्रीचा मुक्काम

सायकलीवर बिछाना, लहानसा तंबू आणि दोन-चार दिवसांची शिदोरी लादून बाहेर पडावे व जेथे सांज होईल तेथे उघड्या आकाशाखाली रात्र काढावी, अशी हौस हल्ली आपल्या तरुण मंडळीत बरीच आढळते. ही हौस आजची नव्हे. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले; पैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी करून १९२८ साली मुंबई गाठली. त्यांच्या वाटेवर इराण व इराक येथील असे ओसाड मुलूख होते की, जेथे दिवसेंदिवस मनुष्याचे दर्शन दुर्मिळ. तेथे मुक्कामाची जागा कोणाला विचारणार?

वसमतहून निघणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. येथून शिरडशहापूरमार्गे औंढा नागनाथास जावे, तेथून पुढे सिद्धेश्वर व येलदरीच्या धरणांकडे वळावे, हा दोन-तीन दिवसांचा फेरा विद्यार्थ्यांस झेपण्यासारखा आहे. परंतु या सबंध वाटेवर निर्जन दिसणारी जागा बेवारस असते, असे कोणीही समजू नये. शेत कोणाचे तरी असते. गायरान गावाचे असते. राखीव जंगल सरकारचे असते आणि त्यात परवानगीवाचून शिरणे वा विस्तव पेटविणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरते. म्हणून जागेची पारख करण्याआधी जागेच्या धन्याची गाठ घ्यावी. रामराम करून आपण कोण, कोठले, पहाटे कधी निघणार, हे सांगितले म्हणजे बहुधा नकार मिळत नाही. उलट विहिरीवरचे पाणी आणि ताटातली भाकरी पुढे येते.

ही केवळ सभ्यतेची बाब नव्हे, तीत जिवाचा प्रश्न आहे. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून विजेचा प्रवाह सोडतात. तो कायद्याने गुन्हा असला तरी घडतो, आणि अंधारात बांध ओलांडणाऱ्या परक्याला त्याची खबर असणे शक्य नाही. ती शेतमालकालाच असते. शिवाय शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीस येते. तेव्हा मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला आलेल्या शेतकऱ्याला आपल्या उसाच्या कडेला अनोळखी तंबू दिसला, तर त्याने चोर समजून काठी उचलली यात त्याचा दोष नाही.

धन्याची अनुमती मिळाली की मग जमीन पाहावी, आणि ती उजेडी पाहावी. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. चार वाजता सायकल थांबविणारा जागा निवडतो. सात वाजता थांबणाऱ्याला मिळेल ती पत्करावी लागते.

पहिली दृष्टी पाण्याच्या वाटेवर असावी. ओढ्याच्या पात्रातील कोरडी वाळू मऊ, सपाट व मोहक दिसते; तथापि वर दूर कोठे पाऊस कोसळला तर खाली चांदणे असतानाही लोंढा येतो. काठावरच्या झुडपांकडे नीट पाहावे. फांद्यांत वाळलेला काडीकचरा अडकलेला असेल, तर मागच्या पुरात पाणी तेथवर चढले होते असे समजावे, आणि त्याहून पुष्कळ उंचावर बिछाना घालावा. पूर्णेच्या काठी आणखी एक गोष्ट आहे. येलदरीचे पाणी खाली सिद्धेश्वरास येते व तेथून कालव्यांनी आपल्या वसमतच्या शिवारात पोहोचते. धरणातून पाणी सोडले म्हणजे माथ्यावर ढग नसतानाही नदी चढते. धरणाखालच्या पात्रात वा कालव्याच्या उतारावर मुक्काम मुळीच करू नये.

दुसरी दृष्टी मातीवर. आपली काळी माती कपाशीला आणि हळदीला उत्तम, परंतु बिछान्याला वाईट. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व त्यांत विंचूकाटा आश्रय घेतो. एका सरीने तिचा असा चिखल होतो की चाक फिरत नाही आणि सकाळी सायकल खांद्यावर वाहून न्यावी लागते. त्यापेक्षा किंचित उंचवट्यावरची मुरमाड जमीन बरी. तेथे पाणी मुरते आणि सखल भागात साचणारा थंडीच्या रात्रीचा गारठाही कमी लागतो. या विद्येत आपले गुरू म्हणजे मेंढपाळ. खतासाठी शेतात मेंढरे बसविणारे धनगर आपला वाडा कोठे टाकतात ते पाहावे: कोरडी व थोडी उंच जागा, पाण्यापासून फार दूर नाही आणि अगदी लगतही नाही. लमाणांचे तांडेही बहुधा असेच उंचावर वसलेले असतात.

वेड्या बाभळीच्या जाळीत सायकल घालू नये; एका रात्रीच्या आडोशापायी दोन्ही टायरांची चाळण होते. चैत्र-वैशाखात वळवाची विजा व गारांसह येते, म्हणून माळावरच्या एकट्या झाडाखाली थांबणे धोक्याचे. ढग दाटले की सरळ गाव गाठावा आणि शाळेच्या ओसरीवर परवानगीने पथारी टाकावी. जुन्या पडक्या भिंतीचा आडोसाही मी टाळावयास सांगेन. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, हे आपल्या घरच्यांस आठवत असेल.

कडब्याच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, कारण ठिणगीने एखाद्याच्या गुरांची वर्षाची वैरण जाईल. गंजीच्या उबेला झोपूही नये. तेथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप. मण्याराचा दंश पुष्कळदा दुखत नाही व झोपेत कळतही नाही, म्हणून तंबूची साखळी पूर्ण लावावी. तंबू नसेल तर मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी बिछान्याखाली खोचावी. पोटात कळ, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे असे काही पहाटे जाणवले तर मंत्रतंत्रात क्षणही न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते. यासाठीच जवळचे रुग्णालय कोणत्या गावी आहे, हे मुक्काम टाकतानाच धन्याला विचारून ठेवावे.

पालकांस एवढीच विनंती की मुलांना अडवू नये. मात्र सोबत एक जाणता माणूस द्यावा आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाच्या गावाचे नाव घरी कळविण्याचा करार करून घ्यावा.

सकाळी जोडे उलटे करून झटकावेत व मगच पाय घालावा. टायरांवरून हात फिरवून काटे काढावेत, चुलीच्या राखेवर पाणी ओतून ती बोटाने चाचपावी, कागद-पिशव्या गोळा करून सोबत घ्याव्यात आणि धन्याला सांगून निघावे. पुढच्या वाटेवर पाणी कोठे आहे, हे त्याच्याइतके अचूक कोणताही नकाशा सांगणार नाही.