९ ऑगस्ट : नागासाकीची घंटा आणि आपण



ऑगस्ट महिना आला की आपल्या जिल्ह्यात ९ तारखेच्या आदिवासी दिनाची तयारी सुरू होते. ढोल बाहेर निघतात, गावोगावी मिरवणुका ठरतात. त्याआधी ६ ऑगस्टला आपण प्रभू येशूच्या रूपांतराचा सण साजरा करतो आणि १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा. १९४५ साली ह्याच तारखांना जगात आणखी काही घडले. ६ ऑगस्टला जपानमधील हिरोशिमा शहरावर आणि ९ ऑगस्टला नागासाकी शहरावर अमेरिकेने अणुबॉम्ब टाकले. १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटांनी शरणागती जाहीर केली.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपला ह्या गोष्टीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो एकापेक्षा अधिक प्रकारे आहे. ह्या रविवारच्या पाठात तो समजून घेऊ या.

१. वसईचा संत आणि उराकामीचे भाविक

सुरतमार्गे मुंबईला जाताना वसई रोड स्टेशन लागते. त्याच वसईत सोळाव्या शतकात संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला. पुढे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि जपानी भाषा उत्तम येत असल्याने मिशनरींचे दुभाषी म्हणून जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर देण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. म्हणजे ज्या शहरावर पुढे बॉम्ब पडला, त्या शहराच्या मातीत आपल्या मराठी भूमीच्या पुत्राचे रक्त आधीच मिसळलेले होते.

त्यानंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू उरले नाहीत. तरीही नागासाकीजवळच्या उराकामी गावातील शेतकऱ्यांनी सुमारे अडीचशे वर्षे गुपचूप श्रद्धा जपली. वडीलधारी माणसे बाप्तिस्मा देत, आया लेकरांना प्रार्थना शिकवीत. आपल्या दूरच्या पाड्यांवर फादर रोज पोहोचू शकत नाहीत, तेव्हा प्रार्थना चालवणारे धर्मशिक्षक आणि मायबहिणी आठवा, म्हणजे हे चित्र समजेल. १८७३ साली बंदी उठली. मग त्या गरीब लोकांनी पै-पै जमवून १९१४ साली उराकामीचे मोठे चर्च उभे केले.

२. बॉम्ब कसा तयार झाला

१९३८ च्या अखेरीस बर्लिनमधील शास्त्रज्ञ ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन ह्यांच्या प्रयोगातून कळले की न्यूट्रॉन नावाचा अतिसूक्ष्म कण युरेनियमच्या अणूवर आदळला की तो अणू फुटतो. फुटताना उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. उन्हाळ्यात डोंगराच्या वाळल्या गवताला वणवा लागतो, एक काडी दुसरीला पेटवते, तसेच हे आहे. फरक एवढाच की हा वणवा डोळ्याचे पाते लवण्याआधीच संपतो.

हिटलरच्या हाती असा बॉम्ब आधी पडेल ह्या भीतीने अमेरिकेने १९४२ मध्ये ‘मॅनहॅटन प्रकल्प’ सुरू केला. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली. तोपर्यंत जर्मनी शरण येऊन दोन महिने झाले होते. ज्या भीतीपोटी बॉम्ब करायला घेतला ती भीती संपली होती, पण काम थांबले नाही. हिरोशिमावरील बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातले एक किलोसुद्धा पुरते फुटले नाही, तरी शहर बेचिराख झाले.

३. सकाळी ११ वाजून २ मिनिटे

९ ऑगस्टचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते. तिथे खालचे काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळले. बॉम्ब फुटला तो उराकामीच्या वर, चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, म्हणून चर्चमध्ये दोन धर्मगुरू भाविकांचे पापनिवेदन ऐकत होते. आत असलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मरण पावले. वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७० हजार आणि हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली.

त्या धर्मग्रामातले एक होते डॉ. ताकाशी नागाई. ते क्ष-किरण विभागाचे डॉक्टर होते. स्वतः जखमी असताना त्यांनी जखमींची सेवा केली. घरी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी राखेत त्यांना पत्नी मिदोरीची हाडे आणि वितळलेली जपमाळ सापडली. क्ष-किरणांच्या कामामुळे त्यांना आधीच रक्ताचा कर्करोग झाला होता. अंथरुणाला खिळले तरी एका लहानशा खोपटात राहून ते दोन मुलांना सांभाळीत शांतीसाठी लिहीत राहिले. १ मे १९५१ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

बॉम्बचे काम त्या दिवशी संपले नाही. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांचे केस गळाले, अंगातून रक्त येऊ लागले. दोन-तीन वर्षांनी रक्ताचा कर्करोग वाढला आणि इतर कर्करोग पुढे कित्येक दशके होत राहिले. वाचलेल्यांच्या घरात सोयरीक करायला लोक कचरत. अशाच पीडितांच्या ‘निहोन हिदानक्यो’ ह्या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सर्व देवाच्या इच्छेने घडले काय? दुःखात असा प्रश्न येतोच. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ साली हिरोशिमाला गेले, तेव्हा त्यांनी ह्याचे स्पष्ट उत्तर दिले : युद्ध हे माणसाचे काम आहे. काईनाने हाबेलाला मारले त्याचा दोष देवावर टाकता येत नाही.

४. आपल्या राज्यात, आपल्या देशात

भारताची अणुविद्या आपल्याच राज्यात वाढली. डॉ. होमी भाभा ह्यांनी मुंबईतील ट्रॉम्बे येथे केंद्र उभारले. तिथल्या ‘सायरस’ अणुभट्टीतील प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पुन्हा चाचण्या झाल्या. त्या वेळी ट्रॉम्बेच्या केंद्राचे संचालक डॉ. अनिल काकोडकर होते. त्यांचा जन्म आपल्या शेजारचा, बडवानीचा.

ह्या विद्येने भलेही झाले आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आपल्या भागातले कर्करोगी शेक घ्यायला जातात, तोही किरणांचाच उपयोग. ट्रॉम्बेने भुईमुगाचे चांगले वाणही दिले. दोष विद्येचा नाही.

१९९८ साली अनेक ठिकाणी पेढे वाटले गेले. चीनने १९६४ सालीच बॉम्बची चाचणी केली होती, पाकिस्तानही तयारीत होता, ही भीती खोटी नव्हती. आपण प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही, असे भारताने जाहीरही केले आहे. तरी ख्रिस्ती माणसाने एक प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे : दुसऱ्याचे शहर, त्यातली लेकरे, आजारी, म्हातारी माणसे जाळण्याची तयारी ठेवणे हे पेढे वाटण्यासारखे आहे काय? असे विचारल्याने देशप्रेम कमी होत नाही. १९४२ साली नंदुरबारच्या बाळ शिरीषकुमारने हाती फक्त तिरंगा घेऊन गोळ्या झेलल्या. त्याच्या देशप्रेमावर कोण शंका घेईल?

५. ख्रिस्तसभेची शिकवण

१९६३ साली पोप जॉन तेविसावे ह्यांनी आपल्या परिपत्रकात अण्वस्त्रांवर बंदी घालावी अशी मागणी केली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले की सरसकट पूर्ण शहरे नष्ट करणारी युद्धकृती हा देव आणि मानव ह्यांच्याविरुद्ध अपराध आहे. पोप फ्रान्सिस २०१९ साली नागासाकी व हिरोशिमाला गेले आणि एक पाऊल पुढे टाकून म्हणाले की अण्वस्त्रे वापरणेच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक आहे. अण्वस्त्रबंदीच्या करारावर व्हॅटिकनने २०१७ सालीच सही केली. अण्वस्त्रे असलेल्या नऊपैकी एकाही देशाने ती केलेली नाही, आपल्या देशानेही नाही. आज ह्या नऊ देशांकडे मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत.

६. किंमत कोण मोजतो

९ ऑगस्ट हा आदिवासी दिनही आहे, म्हणून हे सांगणे जरूर आहे. अमेरिकेने १९४६ ते १९५८ ह्या काळात ६७ चाचण्या केल्या त्या मार्शल बेटांवर, तिथल्या मूळ रहिवाशांना हलवून. ब्रिटनने ऑस्ट्रेलियात मारालिंगा येथे चाचण्या केल्या त्या तिथल्या आदिवासींच्या भूमीवर. भारताच्या अणुकार्यक्रमाला लागणारे युरेनियम १९६७ पासून झारखंडमधील जादूगोडा येथे काढले जाऊ लागले. तेथील संथाळ व हो बांधव खाणीच्या गाळामुळे आजार होतात अशी तक्रार करीत आले आहेत, खाण कंपनी ती नाकारते. ‘देशासाठी’ म्हणून आपली जमीन देणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सरदार सरोवराच्या बुडीतात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली.

पण आशेची खूणही आहे. उराकामीच्या चर्चच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून निघाली आणि १९४५ च्या नाताळात वाजली. दुसरी फुटली होती. ऐंशी वर्षांनी अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. नव्या घंटेला नाव दिले आहे संत कातेरी ह्यांचे, ज्या अमेरिकेतील आदिवासी कन्या होत्या. ज्यांच्या देशाने बॉम्ब टाकला, त्यांच्या नातवंडांनी हे दान पाठवले आणि पीडितांच्या नातवंडांनी ते स्वीकारले. समेट असा होतो.

पाड्यावरील प्रार्थनागटासाठी

वाचन : उत्पत्ती ४:१-१०, यशया २:१-५, मत्तय १७:१-९.

१. ताबोर डोंगरावरचा प्रकाश आणि हिरोशिमावरचा प्रकाश ह्यांत काय फरक आहे?
२. आपल्या घरात, भावकीत, बांधाच्या भांडणात ‘त्याने आधी केले’ म्हणून आपण काय उगारून ठेवले आहे? ह्या आठवड्यात ते खाली ठेवता येईल काय?
३. ९ ऑगस्टला मिरवणुकीत जाण्याआधी नागासाकी, मार्शल बेटे आणि जादूगोडा येथील बांधवांसाठी घरातील सर्वांनी मिळून जपमाळेचे एक दशक म्हणावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू शांतीचा राजा आहेस. सत्ताधाऱ्यांना सुबुद्धी दे, शास्त्रज्ञांचे हात सेवेकडे वळव आणि आमच्या मनातील भीती दूर कर. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.