फॉस्फेटची उणीव आणि मूत्रपिंडांची काटकसर

मानवी शरीरात कॅल्शियमच्या खालोखाल ज्या खनिजाचे प्रमाण अधिक आहे, ते फॉस्फरस होय. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात ते सुमारे ७०० ग्रॅम असून त्याचा ८५ टक्के भाग हाडांत व दातांत फॉस्फेटच्या रूपाने साठलेला असतो. उरलेला भाग अल्प असला तरी त्यावाचून स्नायूंना ऊर्जा मिळत नाही.

रक्तातील फॉस्फेटचा समतोल मुख्यतः मूत्रपिंडे राखतात. त्यांच्यात दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील ८० ते ९० टक्के फॉस्फेट तेथील सूक्ष्म नलिका शोषून रक्तात परत पाठवितात. शरीरात फॉस्फेटची उणीव भासू लागताच हे शोषण वाढते आणि लघवीतून फॉस्फेट जाणे जवळजवळ थांबते.

मात्र या काटकसरीत अन्य खनिजांची हानी होते. फॉस्फेट घटले की मूत्रपिंडे ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप अधिक तयार करतात. त्यामुळे आतड्यातून फॉस्फेटबरोबर कॅल्शियमही अधिक शोषले जाते. हाडांतूनही दोन्ही खनिजे सुटू लागतात. दुसरीकडे, मूत्रपिंडांना कॅल्शियम राखावयास लावणारा परावटू ग्रंथींचा स्राव मंदावतो. परिणामी कॅल्शियम लघवीवाटे वाहून जाते. मॅग्नेशियमचीही गळती होते.

धान्ये, डाळी, दूध व मासळी यांत फॉस्फरस विपुल असल्याने केवळ आहारामुळे ही उणीव सहसा उद्भवत नाही. परंतु आम्लपित्तावरील ज्या औषधांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते, ती आतड्यात फॉस्फेटला बांधून ठेवतात. अशा औषधांच्या दीर्घ सेवनाने भूक मंदावणे, अशक्तपणा व हाडांचे दुखणे उद्भवते, हे लॉट्झ, झिस्मन व बार्टर या अमेरिकेतील संशोधकांनी १९६८ साली दाखवून दिले. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर आहार दिल्यासही रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते. म्हणूनच तीव्र कुपोषित बालकाचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवितात.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. आम्लपित्तावरील औषध महिनोन्महिने परस्पर घेत राहू नये. तसेच फॉस्फेटयुक्त औषधही स्वतःच्या मनाने घेऊ नये. कारण मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या शरीरात फॉस्फेट उलट साचत जाते. अशक्तपणा व हाडांचे दुखणे दीर्घकाळ टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून रक्ताची व लघवीची तपासणी करून घेणे, हाच योग्य मार्ग होय.