फुटलेली पाणथरी वाचवता येते का?

प्रश्न : अपघातात पाणथरी फाटल्यास ती काढावीच लागते का?

उत्तर : नेहमीच नाही. पाणथरी (प्लीहा) काढलेल्या तान्ह्या मुलांतील जीवघेण्या जंतुसंसर्गाकडे किंग आणि शूमाकर यांनी १९५२ मध्ये लक्ष वेधल्यानंतर हा अवयव राखण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल वाढत गेला, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. पाणथरीचा गर इतका ठिसूळ असतो की नुसता टाका ओढताच तो चिरत जातो. म्हणून पोटातील चरबीच्या पडद्याची, म्हणजे वपेची, घडी टाक्याखाली उशीसारखी ठेवून गाठ बेताने आवळली जाते. चिरा अनेक असल्यास विरघळणारी जाळी भोवती गुंडाळतात. एकच टोक चिरडले असल्यास तिकडची रक्तवाहिनी बांधून, काळवंडलेला तेवढाच भाग कापतात. रक्तदाब कोसळत असेल तर मात्र पाणथरी काढणेच इष्ट ठरते.