अमेरिकेतल्या घटस्फोटाची प्रमाणित प्रत: किती पैसे द्यायचे आणि कशाचे द्यायचे नाहीत

घटस्फोट सिएटलजवळ राहत असताना झाला. आता पुण्यात पुन्हा विवाह नोंदणी करायची आहे, पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढायचं आहे किंवा सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव परत लावायचं आहे. प्रत्येक खिडकीवर मागणी एकच होते: डिक्रीची सर्टिफाइड कॉपी आणा. वॉशिंग्टन राज्यात ही प्रत काउंटी क्लर्क देतो आणि तिचा दर राज्याच्या कायद्यानेच ठरवून दिलेला आहे: पहिल्या पानाला ५ डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाला १ डॉलर. सात पानांची डिक्री ११ डॉलरला मिळते. कुणी याच कागदाचे शंभर-दीडशे डॉलर सांगत असेल, तर वरचे पैसे कशाचे, हे आधी विचारा.

आधी ठरवा: नेमका कागद कोणता?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. तीन वेगळे कागद आहेत.

पहिला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र. हे राज्याचं आरोग्य खातं देतं, शुल्क २५ डॉलर. १९६८पासूनच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. त्यात दोघांची नावं, तारीख, काउंटी एवढंच असतं. पोटगी, घर, मुलांचा ताबा, नावातला बदल यातलं काही नसतं.

दुसरा, डिक्री. न्यायाधीशाची सही असलेला अंतिम आदेश. वॉशिंग्टनच्या नमुन्यावर ‘फायनल डिव्होर्स ऑर्डर’ असं शीर्षक असतं. नाव बदलायला, पुन्हा लग्न करायला किंवा भारतातल्या न्यायालयात दाखवायला हीच लागते.

तिसरा, पूर्ण फाइल: अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, आर्थिक कागद. शेकडो पानं होऊ शकतात आणि दर पानावर आहे. वकिलाने लेखी मागितल्याशिवाय पूर्ण फाइल प्रमाणित करून घेऊ नका.

मुलांच्या ताब्याचा पॅरेंटिंग प्लॅन आणि मुलांच्या खर्चाचा आदेश हे डिक्रीपासून वेगळे दस्त आहेत. ते हवे असतील तर नाव घेऊन मागा. ‘डिव्होर्स पेपर्स द्या’ एवढंच म्हणू नका. काउंटरवर तुम्ही जे म्हणाल तेच मिळतं.

कुठे मिळते?

तुम्ही राहत होता त्या काउंटीत असेलच असं नाही. केस जिथे दाखल झाली, तिथेच फाइल असते. रेडमंड, बेलव्ह्यू, सिएटल ही गावं किंग काउंटीत येतात. बॉथेल मात्र किंग आणि स्नोहोमिश अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. स्नोहोमिशचं न्यायालय एव्हरेटला आहे. आणखी एक मेख: संमतीचा घटस्फोट टपालाने करून देणारी म्हणून लिंकन काउंटी प्रसिद्ध आहे. स्वस्तात आणि हजर न राहता काम व्हावं म्हणून अनेकांच्या केसेस तिथे दाखल होतात. तुमची तिथे झाली असेल, तर सिएटलला चकरा मारून उपयोग नाही; प्रत डेव्हनपोर्ट गावच्या क्लर्ककडून मागवावी लागेल.

किंग काउंटीत क्लर्कची दोन मोठी कार्यालयं आहेत. सिएटलला ५१६, थर्ड ॲव्हेन्यू, खोली ई-६०९. केंटला मॅलेंग रीजनल जस्टिस सेंटर, ४०१, फोर्थ ॲव्हेन्यू नॉर्थ, खोली २-सी. दोन्हीकडे दारात सुरक्षा तपासणी असते, त्यामुळे बॅगेत चाकू-कात्री नको. सकाळी जा. खिडकीची वेळ कार्यालयाच्या वेळेपेक्षा कमी असते, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या.

केस नंबर शोधून ठेवा

वॉशिंग्टनच्या सुपीरियर कोर्टाचा नंबर कसा वाचायचा ते पाहा. समजा नंबर २१-३-०१२३४-५ असा आहे. पहिले दोन आकडे केस दाखल झालेल्या वर्षाचे, म्हणजे २०२१. मधला ३ कौटुंबिक प्रकरणाचा. तुमच्या कागदावर मधला आकडा ३ नसेल, तर हाती दुसऱ्याच कुठल्या केसचा कागद आहे. किंग काउंटीत शेवटी एसईए असेल तर सिएटल, केएनटी असेल तर केंट.

नंबर जुन्या ईमेलमध्ये, वकिलाच्या बिलावर किंवा डिक्रीच्या झेरॉक्सवर पहिल्या पानाच्या वरच्या भागात सापडतो. नसेल तर दोघांची त्या वेळची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्ष द्या. आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच द्या. कुलकर्णी, देशपांडे यांसारखी आडनावं इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात आणि एका अक्षराच्या फरकाने नोंद सापडत नाही. फार खोलात शोध घ्यावा लागला, तर क्लर्क तासाच्या हिशेबाने शुल्क लावू शकतो. नंबर हाताशी असला की हा खर्च वाचतो.

खर्चाचा सरळ हिशेब

सात पानी डिक्रीच्या दोन प्रती: २२ डॉलर. भारतातल्या न्यायालयासाठी वकिलाने न्यायाधीशाचे निष्कर्षही मागितले आणि ते पाच पानी असतील, तर त्याचे ९ डॉलर. दोन्ही कागदांना अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणन, हवं असेल, तर ऑलिंपियातलं सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय प्रत्येक दस्ताला १५ डॉलर घेतं, म्हणजे ३० डॉलर. एकूण ६१ डॉलर, वर टपालखर्च. अमेरिकेतल्या सरकारी शुल्काचा हिशेब इथे संपतो.

नुसती माहिती वाचायची असेल, तर शिक्क्याशिवायची साधी प्रत ५० सेंट पानाने मिळते आणि इलेक्ट्रॉनिक प्रत २५ सेंटने. आधी साधी प्रत घ्या, पानं मोजा, हवा तोच कागद आहे का पाहा, मगच प्रमाणित प्रत मागा.

किती प्रती घ्याव्यात? दोन पुरतात. सोशल सिक्युरिटी कार्यालय कागद पाहून परत देतं, अमेरिकन पासपोर्ट कार्यालयही परत पाठवतं. त्यामुळे एकच प्रत एकामागून एक वापरता येते. दुसरी भारतासाठी, अपॉस्टिलसह, बाजूला ठेवा. ‘लागेल म्हणून’ पाच-सहा घेऊन ठेवू नका. काही कार्यालयं अलीकडच्या तारखेची प्रत मागतात, आणि मग जुना गठ्ठा पडून राहतो.

प्रमाणित प्रत लागतच नाही अशी कामं

ग्रीन कार्डाच्या किंवा जोडीदाराच्या अर्जासोबत आधीचं लग्न संपल्याचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकन नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवा खातं अर्जाबरोबर सहसा स्वच्छ, वाचता येणारी झेरॉक्स स्वीकारतं. मूळ कागद मागितला तरच द्यायचा. दूतावासातल्या मुलाखतीला मात्र प्रमाणित प्रत जवळ हवी. आणि नावबदलानंतरचं सोशल सिक्युरिटी कार्ड फुकट असतं. त्यासाठी पैसे मागणारं कुठलंही संकेतस्थळ खासगी आहे.

भारतात वापरायची असेल तर

भारत २००५पासून अपॉस्टिल कराराचा सदस्य आहे, अमेरिका त्याआधीपासून. म्हणून अपॉस्टिल लागलं की वेगळं दूतावास-साक्षांकन लागत नाही. पुण्या-मुंबईतले काही एजंट ‘परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मारून देतो’ म्हणून पैसे घेतात. आपलं मंत्रालय भारतात तयार झालेल्या कागदांनाच अपॉस्टिल देतं. वॉशिंग्टनच्या डिक्रीला ते ऑलिंपियातूनच मिळतं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अपॉस्टिलचा शिक्का कागद खरा असल्याचं सांगतो. घटस्फोट भारतात मान्य आहे की नाही, ते सांगत नाही. ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३वर ठरतं. जोडीदार भारतात असताना, त्याने किंवा तिने सहभाग न घेता अमेरिकेत एकतर्फी डिक्री झाली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या वाय. नरसिंहराव निकालापासून अशा डिक्रीवर हरकत येऊ शकते. तुमची डिक्री एकतर्फी असेल, तर अपॉस्टिलवर खर्च करण्याआधी भारतातल्या कौटुंबिक कायद्याच्या वकिलाला ती वाचायला द्या. त्यासाठी २५ सेंटवाली प्रत पुरते. दोघं हजर होते, दोघांच्या सह्या आहेत, तर वाट बरीच सोपी असते.

भारतात बसून मागवायची असेल तर

वॉशिंग्टनमध्ये घटस्फोटाची डिक्री सहसा सार्वजनिक दस्त असते. गोपनीय किंवा सीलबंद ठरवलेले कागद, उदाहरणार्थ आर्थिक पुरावे आणि वैद्यकीय नोंदी, वेगळे ठेवलेले असतात. याचा फायदा असा की प्रत घ्यायला तुम्हीच जायला हवं असं नाही. सिएटलमधल्या मावशीला, मित्राला केस नंबर कळवा; ते काउंटरवर पैसे भरून प्रत घेऊ शकतात. पॉवर ऑफ ॲटर्नीचे पैसे देऊ नका.

टपालाने मागवायची असेल तर पत्रात एवढं लिहा: केस नंबर, दोघांची नावं, दस्ताचं नाव, किती प्रती, प्रमाणित हवी की साधी, परतीचा पत्ता, ईमेल. परतीचं पाकीट अमेरिकन तिकीट लावूनच जोडावं लागतं. भारतीय तिकीट तिथे चालत नाही. भारतातल्या बँकेचा रुपयातला चेकही चालत नाही. म्हणून तिथल्या ओळखीच्या माणसाकडून काम करून घेणं स्वस्तही पडतं आणि लवकरही होतं.

छुपे खर्च कुठे लपतात

शोधयंत्रात ‘डिव्होर्स रेकॉर्ड्स’ टाकलं की वरच्या ओळीत बहुधा जाहिराती येतात. सरकारी वाटणारं नाव, झेंडा, गरुड. यातल्या बऱ्याच जागा फक्त नोंदींचा शोध विकतात आणि महिन्याची वर्गणी सुरू करतात. प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार त्यांना नाही. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही आहे का, ते आधी पाहा.

आरोग्य खात्याचा ऑनलाइन अर्ज व्हायटलचेक या अधिकृत कंपनीमार्फत जातो. ती खरी आहे, पण २५ डॉलरवर स्वतःचं शुल्क लावते, आणि जलद टपाल निवडलं की ते आणखी वाढतं. घाई नसेल तर टपालाने अर्ज करा. काउंटरवर कार्डाने पैसे भरल्यास वेगळं सेवाशुल्क लागू शकतं. कार्ड पुढे करण्याआधी विचारा.

इतर राज्यांत खिडकी बदलते

न्यूयॉर्कमध्येही काउंटी क्लर्कच, पण तिथे फाइल गोपनीय असते. ती फक्त पक्षकारांना आणि त्यांच्या वकिलांना मिळते. दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. तिथलं आरोग्य खातं १९६३पासूनची प्रमाणपत्रं देतं, टपालाने ३० डॉलर. कॅलिफोर्नियात काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडे जा. घटस्फोटाच्या दस्ताच्या प्रमाणित प्रतीला १५ डॉलर. सॅक्रामेंटोच्या आरोग्य खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच नोंदी आहेत, त्यामुळे अलीकडच्या घटस्फोटासाठी तिथे अर्ज करू नका. टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे जायचं. राज्याचं आरोग्य खातं २० डॉलरला नुसतं पडताळणी-पत्र देतं. त्यावर नाव बदलत नाही.

प्रत हाती आली की तिथेच तपासा

सगळी पानं आहेत का? न्यायाधीशाची सही आणि तारीख दिसते का? प्रमाणनाचा शिक्का आणि उपक्लर्कची सही आहे का? नाव पासपोर्टशी जुळतं का? आडनाव परत घ्यायचं असेल तर तसा आदेश डिक्रीत आहे का? नावात चूक असेल, तर क्लर्क ती दुरुस्त करू शकत नाही. न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. ही चूक अपॉस्टिलनंतर लक्षात आली, तर प्रतीचे आणि अपॉस्टिलचे, दोन्ही पैसे गेले.

पिन काढू नका. स्कॅन करण्यासाठी कोपऱ्यातली पिन काढली, की पानं बदलली असावीत या शंकेने अधिकारी प्रत नाकारू शकतात. पानं दुमडून फोटो काढा. लॅमिनेशन तर मुळीच नको. वकिलाने पूर्वी ईमेलने पाठवलेली, नुसता तारखेचा शिक्का असलेली प्रत प्रमाणित नसते. ती घेऊन विमानात बसू नका.

मागणाऱ्या कार्यालयाला आजच एक ईमेल करा: डिक्री की प्रमाणपत्र, अपॉस्टिल हवं का, प्रत किती जुनी चालेल? उत्तर लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.