वेळ भिंतीला विचार, अंतर पावलांना

बाळा, ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम लिहायला घेतलायस म्हणे. सोपं वाटतं, मलाही वाटलं होतं. कापडे गावच्या ओटीवर बसून आत्या सांगते, ते गाठीशी बांध.

१. 'सहाला सुरू, साडेसहाला बंद' असं लिहू नकोस. 'सहाला सुरू, मग अर्धा तास' असं लिही आणि तो अर्धा तास मोनोटॉनिक घड्याळावर मोज — ते कधी मागे जात नाही की उडी मारत नाही.

२. वेळच बघावी लागली तर 'साडेसहा वाजले का' असं नको, 'वाजून गेले का' असं विचार — आपल्या विहिरीच्या पंपाच्या बोर्डाला घड्याळाचा सेल नाही. पावसात गेलेली लाईट आली, बोर्ड जुनी वेळ धरून उठला, पंप सुरू झाला. मग नेट आलं आणि घड्याळ एकदम पावणेसातवर गेलं. त्याचे साडेसहा वाजलेच नाहीत, पाणी पडवीत आलं.

३. यंत्र उठल्यावर नेटवरून, एनटीपीने, वेळ जुळेपर्यंत थांब — दिवा लागला म्हणजे घड्याळ लागलं असं नाही.

४. वेळेला तिच्या गावाचं नाव जोड — १ जानेवारी १९०६ला देशाची प्रमाणवेळ लागली, तरी मुंबईत कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागचा 'बॉम्बे टाइम' चालला. नुसतं 'दहाला ये' म्हटलं तर कुठले दहा?

५. घडून गेलेलं यूटीसीत नोंदव. पुढची भेट मात्र तिथल्या वेळेत, 'एशिया/कोलकाता' अशा नावासकट ठेव — घड्याळाचे नियम सरकारं मध्येच बदलतात, माणसं मात्र भिंतीवरचेच दहा बघून येतात.

६. न्यूयॉर्कसाठी रात्री एक ते तीनमध्ये काम लावू नकोस — मार्चच्या दुसऱ्या रविवारी दोनचे थेट तीन होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोनचा तास दोनदा येतो.

७. झालेल्या कामावर तारखेसकट खूण कर, सुरू करण्याआधी ती बघ — घड्याळ मागे गेलं तरी एकाच माणसाला दोनदा बिल जात नाही. खुणेविना काम, दुप्पट दाम.

८. प्रोग्रामला वेळ बाहेरून देता येईल असं लिही आणि स्वतःच काटे मागेपुढे करून बघ — आपण ढकललेलं घड्याळ दिवसा चूक दाखवतं, आपोआप ढकललं गेलेलं मध्यरात्री उठवतं.

गणपतीला येशील तेव्हा पंपाचा प्रोग्राम उघडून बसू. अर्धा तास कसा मोजलाय ते तूच तपास. पडवी आता कोरडी असते.