गांवची हवा राखण्याची रीत

जमिनीचा सातबारा असतो, विहिरीची नोंद कागदीं होते, बांधावरचें झाडही हिशेबांत धरलें जातें. हवेची मात्र गांवच्या दप्तरांत कोठेंच नोंद नाहीं. त्यामुळें शेजारच्या गटांत खडी फोडण्याचें यंत्र आलें आणि त्याची धूळ आपल्या पिकावर बसूं लागली, तर आपलें काय गेलें हें दाखवितां येत नाहीं, अशी शेतकऱ्याची समजूत होते. ही समजूत बरोबर नाहीं. स्वच्छ हवेवर आपला हक्क आहे. परंतु तो मागण्याची एक रीत आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ खऱ्या तक्रारी वायां जातात. ती रीत या पाठांत सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय मीं कां घेतला, तें आधीं सांगणें उचित होईल. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. एका तालुक्याच्या कचेरींत असतां एका विधवा शेतकरी बाईचा अर्ज माझ्याकडे आला. सव्वा एकर डाळिंबाची बाग आणि तिला लागूनच खडीचें यंत्र. अर्जांत मजकूर एवढाच होता कीं, धुळीनें फार नुकसान होतें, साहेबांनीं दया करावी. गट नंबर नाहीं, तारीख नाहीं, यंत्र केव्हां चालतें हें नाहीं, शेजाऱ्याची सही नाहीं. "तक्रार मोघम, सबब दप्तरीं दाखल" असा शेरा मीं मांडला व त्यावर वरिष्ठांची सही झाली. नियमाप्रमाणें त्यांत कांहीं चुकलें नाहीं. तथापि बाईंस बोलावून "एवढ्या चार गोष्टी लिहून आणा" असें सांगण्यास मला दहा मिनिटें लागलीं असतीं. तीं मीं दिलीं नाहींत. दोन वर्षांनीं ती बाग काढली गेली, आणि पुढें तीच बाई त्याच यंत्रावर पाट्या उचलण्याच्या मजुरीस जाऊं लागली. त्या दहा मिनिटांचें देणें या लेखानें थोडें तरी फिटावें, अशी इच्छा आहे.

धुळीनें काय होतें

पानावर असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात; त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. झाडाचा श्वासोच्छ्वास व बाष्पाची ये-जा त्यांतून चालते. धुळीचा थर बसला म्हणजे हीं रंध्रें अंशतः बुजतात, पानास ऊन कमी मिळतें व अन्न तयार होण्याचें काम मंदावतें. फुलोऱ्याच्या दिवसांत धूळ बसल्यास फळधारणेस अडथळा येतो. धुळीनें माखलेल्या पानांवर कोळी-कीड अधिक वाढते, हें बागाइतदारांच्या अनुभवाचें आहे. कारण त्या किडीस खाणाऱ्या मित्रकीटकांस धुळींत नीट वावरतां येत नाहीं. द्राक्ष-डाळिंबासारख्या फळांवर धूळ राहिली तर बाजारांत भाव पडतो, तो तोटा निराळाच.

माणसावर होणारा परिणाम याहून वाईट. आपल्या केसाची जाडी सुमारें ७० मायक्रॉन धरतात. १० मायक्रॉन व त्याहून बारीक कण श्वासावाटे आंत जातात आणि २.५ मायक्रॉन व त्याहून बारीक कण फुफ्फुसाच्या अगदीं खोल भागापर्यंत पोंचतात. दगडाच्या धुळींत सिलिका असेल तर वर्षानुवर्षें ती श्वासावाटे गेल्यानें सिलिकोसिस हा रोग जडतो. त्यावर पूर्ण बरें करणारें औषध नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. धूळ सर्वांत आधीं यंत्रावरील मजुराच्या छातींत जाते, मग जवळच्या वस्तींतील मुलांच्या, मग आपल्या पिकावर येते. यंत्राचा मालक बहुधा दूर शहरांत राहतो. नफा एकीकडे आणि खोकला दुसरीकडे, ही वांटणी न्यायाची नव्हे. म्हणून हवेचा प्रश्न हा आरोग्याचा जसा आहे, तसाच न्यायाचाही आहे.

कायद्याचा आधार

हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा सन १९८१ सालीं झाला. त्याअन्वयें खडीयंत्रासारख्या धंद्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति घ्यावी लागते. सन १९८७ च्या दुरुस्तीनें साध्या नागरिकासही ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयांत तक्रार नेण्याचा मार्ग खुला झाला. जीविताच्या मूलभूत हक्कांत प्रदूषणरहित हवेचा व पाण्याचा उपभोग येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें सन १९९१ मध्यें सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणांत म्हटलें आहे.

याहून जुना व आपल्या कचेऱ्यांस परिचित असा आधार म्हणजे सार्वजनिक उपद्रवाचें कलम. फौजदारी प्रक्रिया संहितेचें जें कलम १३३ होतें, तें १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत कलम १५२ म्हणून आलें आहे. लोकांच्या आरोग्यास बाधक असा धंदा थांबविण्याचा किंवा त्यावर नियंत्रण घालण्याचा सशर्त हुकूम जिल्हादंडाधिकारी, प्रांत, अथवा शासनानें खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी या कलमाखालीं काढूं शकतो. मध्यप्रदेशांतील रतलाम गांवच्या रहिवाशांनीं उघडीं गटारें व दुर्गंधी यांविरुद्ध याच कलमाचा आश्रय घेतला होता. नगरपालिकेनें पैसे नाहींत अशी सबब सांगितली. ती सर्वोच्च न्यायालयानें सन १९८० मध्यें फेटाळली.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा कायदा सन २०१० चा, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा. त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यास आहे. भरपाई कोणकोणत्या नुकसानीबद्दल मागतां येते याची यादी त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत असून तींत पिकें, भाजीपाला, झाडें, फळबागा, तसेंच दुभतीं व ओढकामाचीं जनावरें यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून ५ वर्षांच्या आंत, व इतर वादाचा अर्ज ६ महिन्यांच्या आंत करावयाचा असतो. पुरेसें कारण दाखविल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळूं शकते. यावरून तारखेचें महत्त्व कळून येईल.

सरकारी योजना व त्यांतील उणीव

जानेवारी २०१९ मध्यें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेंतील कणांचें प्रमाण सन २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनीं घटविण्याचें उद्दिष्ट प्रथम होतें. पुढें तें सन २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असें वाढविण्यांत आलें. सव्वाशेंहून अधिक शहरें त्यांत घेतलीं गेलीं. महाराष्ट्रांतील चंद्रपूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, जालना हीं त्यांपैकीं होत. योजना चांगली, परंतु ती शहरांची. सन २००९ सालीं ठरलेलीं हवेचीं मानकें मात्र औद्योगिक, निवासी व ग्रामीण अशा सर्व भागांस सारखींच लागू आहेत: वर्षाच्या सरासरीनें दर घनमीटर हवेंत १० मायक्रॉनपर्यंतचे कण ६० मायक्रोग्रॅमहून व २.५ मायक्रॉनपर्यंतचे ४० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. म्हणजे खेड्याचा हक्क शहराइतकाच आहे. फक्त तो मोजणारें यंत्र खेड्यांत सहसा नसतें. जेथें मोजणारें यंत्र नाहीं, तेथें गांवानें स्वतः नोंद ठेवली पाहिजे.

अर्जाची रीत

१. प्रथम एक वही घालावी. तींत रोज तारीख, यंत्र चालू व बंद झाल्याची वेळ, वाऱ्याची दिशा व धूळ कोणत्या गटांपर्यंत आली हें लिहावें. आठवड्यांतून एकदां ठराविक झाडांचीं पानें पांढऱ्या फडक्यानें पुसून तें फडकें तारीख घालून ठेवावें, छायाचित्रही काढावें. ही नोंद एकट्यानें न ठेवतां दोन-तीन घरांनीं मिळून ठेवावी.

२. माहितीच्या अधिकाराखालीं, सन २००५ च्या कायद्यान्वयें, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून त्या धंद्याच्या संमतिपत्राची नक्कल मागवावी. अर्जाची फी १० रुपये असून उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे. संमतिपत्रांतील अटी हाच आपला मापदंड.

३. खडीयंत्रास पर्यावरण नियमांनीं ज्या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, त्या प्रत्यक्ष आहेत कीं नाहींत तें पाहावें: धूळ कोंडून दाबण्याची व्यवस्था, वारा अडविणारी भिंत, आवारांतील पक्के रस्ते, जमिनीची नियमित सफाई व पाणी शिंपडणें, आणि भोंवतीं झाडांचा पट्टा. यांपैकीं काय नाहीं, तेवढेंच लिहावें. "फार त्रास होतो" या वाक्यापेक्षां "भिंत नाहीं, पाण्याचे फवारे बंद आहेत" हें वाक्य कचेरींत अधिक चालतें.

४. पिकाचें नुकसान दिसतांच गांवच्या महसुली व शेतकी कर्मचाऱ्यांकडे पंचनाम्याची लेखी मागणी करावी, व तिची पोंच घ्यावी. पंचनाम्यांत गट नंबर, क्षेत्र, पीक, अंतर व शेजाऱ्यांच्या सह्या असाव्यात.

५. विषय ग्रामसभेंत मांडून ठराव घ्यावा. अर्ज मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यास द्यावा व प्रत प्रांताकडे पाठवावी. आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय कचेरींतून निघूं नये. अर्ज पुढें दप्तरीं दाखल झाला, तरी पोंच हातीं असलेल्यास वर जातां येतें.

६. मागणी कोणती करावी, हें सर्वांत विचारानें ठरवावें. "यंत्र बंद करा" असें म्हटलें कीं त्यावर पोट असलेले आपल्याच गांवचे मजूर आपल्याविरुद्ध उभे राहतात, आणि गांव दुभंगतें. "धूळ बंद करा" असें म्हटलें तर तेच मजूर आपल्या अर्जावर सही करतात, कारण ती धूळ सर्वांत जास्त त्यांच्याच छातींत जाते. अटी पाळल्याच जात नसतील, तर बंदीची मागणी पुढें करतां येतेच.

आपल्या शेतांतला धूर

दुसऱ्याच्या धुळीविरुद्ध अर्ज देणाऱ्यानें स्वतःच्या पाचटास काडी लावूं नये. धुरास बांध कळत नाहीं. तोही शेजाऱ्याच्या घरांत जातो. दिल्लीभोंवतालच्या प्रदेशांत पिकांचे अवशेष जाळणाऱ्या शेतकऱ्यांवर नोव्हेंबर २०२४ मध्यें भरपाईची रक्कम दुप्पट करण्यांत आली: दोन एकरांहून कमी जमीन असल्यास ५,००० रुपये, दोन ते पांच एकरांस १०,००० रुपये व त्याहून अधिक जमिनीस ३०,००० रुपये. कायद्याचा हात लहान शेतकऱ्यापर्यंत लवकर पोंचतो, हें यावरून ओळखावें.

तोट्याचा हिशेबही पाहावा. एक हेक्टर उसापासून सुमारें ८ ते १० टन पाचट निघतें व त्यांत अर्धा टक्का नत्र असतें. म्हणजे एका काडीनें हेक्टरीं ४० ते ५० किलो नत्रापैकीं बहुतेक सर्व धुरावाटे जातें. त्याऐवजीं बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सऱ्यांत पसरावें. दर टनास सुमारें ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जिवाणुखत वापरून पाणी द्यावें. ओल टिकते, तण दबतें व जमिनीस सेंद्रिय द्रव्य मिळतें.

शेवटीं इतकेंच सांगणें आहे कीं, गांवांत ज्यांस लिहितां-वाचतां येतें, त्यांनीं आठवड्यांतून दहा मिनिटें अशा वहीस व अशा एखाद्या अर्जास द्यावीं. खरी तक्रार केवळ मोघम राहिली म्हणून दप्तरांत पडून राहूं नये, आणि आपल्या बागेची धनीण असलेल्या कोणा बाईवर ती बाग गमावून त्याच धुळींत पाट्या उचलण्याची वेळ येऊं नये.