नाव लिहिलं, पण तपासलं कुणी?

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत स्टेट बँक ऑफ हैदराबादचं जुनं पासबुक अजून निघतं. 1 एप्रिल 2017 ला ती बँक स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली आणि 'एसबीएचवाय'ने सुरू होणारे आयएफएससी कोड जाऊन 'एसबीआयएन'चे आले. कोड बदलल्याची अशी सवय असल्यामुळेच की काय, वाळूजच्या कामगारापासून जाधववाडीच्या अडत्यापर्यंत सगळे जपतात ते कोडला. पण कोडमध्ये आहे काय? अकरा अक्षरं. पहिली चार बँकेची, पाचवं शून्य (तिथे इंग्रजी 'ओ' टाकणारे कमी नाहीत) आणि शेवटची सहा शाखेची. चेकच्या तळाशी असलेल्या नऊ आकडी एमआयसीआरमध्ये पहिले तीन शहराचे. आपल्या छत्रपती संभाजीनगरचे 431, म्हणजे पिनकोडचीच सुरुवात. खातेदार कोण, हे दोन्हींतून कळत नाही.

कोड चुकला तर ॲप बहुधा तिथेच अडवतं. खातं क्रमांक चुकला आणि तसं खातंच नसलं, तरी एनईएफटीचे पैसे परत येतात. बॅच निघाल्यावर दोन तासांत परत करावेत असा नियम आहे. घात होतो तो चुकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा तरी निघाला की. मग फॉर्मवर नाव कशाला मागतात, असं कुणीही विचारील. रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच बँकांना केवळ खातं क्रमांकावरून पैसे जमा करण्याची मुभा दिली आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली. आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं ना, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे: एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला. पण दिसलेलं नाव वाचायचं आपणच, आणि जाधव, शेख, पाटील आपल्याकडे गल्लोगल्ली. म्हणून मोठ्या रकमेआधी एक रुपया पाठवावा आणि तो पोचला का, हे समोरच्याला फोन करून विचारावं. आपल्या मोबाइलवरचा 'यशस्वी' हा मेसेज एवढंच सांगतो, की पैसे कुठल्यातरी खात्यात गेले.

चूक बँक दुरुस्त करील, या भरवशावरही राहू नये. पैसे ज्याच्या खात्यात पडले त्याच्या संमतीविना बँक सहसा ते परत काढत नाही. चुकून मिळालेले पैसे परत करायलाच हवेत, असं भारतीय करार कायद्याचं कलम 72 सांगतं खरं, पण ते वापरायला वेळ आणि वकील दोन्ही लागतात. त्यातून डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं, म्हणजे रात्री अकराला झालेली चूकही सकाळपर्यंत थांबत नाही. कळताक्षणी यूटीआर क्रमांकासह आपल्या शाखेत लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं.